पाने बदलण्याचा अधिकार : 'ड्रॉ पोकर'चा इतिहास आणि नवशिक्या भिडूसाठी पाच धडे

१/
कॅलिफोर्निया राज्याने १८८५ साली आपल्या दंडसंहितेतील निषिद्ध खेळांच्या यादीत 'स्टड-हॉर्स पोकर' हे नाव घातले. १९११ साली त्याच राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने मत दिले, की 'ड्रॉ पोकर' हा कौशल्याचा खेळ असल्याने त्याला ही बंदी लागू होत नाही. पत्त्यांचा कॅट तोच, हातात पाच पाने तेवढीच, पानांची प्रतवारीही तीच. मग एक खेळ गुन्हा आणि दुसरा करमणूक, हा भेद आला कोठून? #थ्रेड

२/
या भेदाच्या मुळाशी एक छोटासा नियम आहे. ड्रॉ पोकरमध्ये भिडूला वाटून आलेली नकोशी पाने टाकून त्यांच्या जागी नवी पाने मागता येतात. या एका अधिकारामुळे खेळात हिशेब आला, निरीक्षण आले आणि हूल देण्याची कलाही आली. नवशिक्याला आजही जे पहिले धडे दिले जातात, ते सारे या अधिकाराभोवतीच रचलेले आहेत. म्हणून इतिहास आणि धडे येथे एकत्रच पाहू.

३/
आधी खेळाची रीत. प्रत्येक भिडू डावाच्या आरंभी ठरलेली लहान रक्कम मध्ये ठेवतो; जमलेल्या रकमेला 'पॉट' म्हणतात. प्रत्येकाला पाच पाने झाकून मिळतात. बोलीची पहिली फेरी होते. मग राहिलेले भिडू पाने बदलतात. त्यानंतर बोलीची दुसरी फेरी होते आणि शेवटी पाने उघडली जातात. कोणत्याही फेरीत पुढची रक्कम भरायची नसेल, तर डाव सोडता येतो. मात्र आधी घातलेली रक्कम पॉटमध्येच राहते.

४/
प्रतवारी चढत्या क्रमाने अशी : सुटे मोठे पान, जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सिक्वेन्स (सलग पाच), फ्लश (एकाच रंगाची, म्हणजे सारी इस्पिक किंवा सारी बदाम अशी पाच), फुल हाउस (तीन सारखी अधिक जोडी), चार सारखी आणि सर्वांत वर एकाच रंगाचा सिक्वेन्स. जे दुर्मीळ ते वरचे, हे या क्रमाचे सूत्र. ५२ पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० वेगवेगळे हात संभवतात. त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक हातांत साधी जोडीही नसते.

५/
पोकरचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या परिसरात झाला, याबाबत अभ्यासकांत साधारण एकमत आहे. त्याच्या कुळाबाबत मात्र वाद आहे. फ्रेंचांचा 'पोक', जर्मनांचा 'पोखेन' आणि इंग्रजांचा 'ब्रॅग' ही नावे पूर्वज म्हणून घेतली जातात. इराणी 'आस-नास'चेही नाव येते. पण तो खेळ न्यू ऑर्लिन्सला कसा पोहोचला, याचा भक्कम पुरावा कोणी दिलेला नाही.

६/
आरंभीचे पोकर आजच्याहून फार वेगळे होते. त्यात केवळ २० पाने असत : एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी, प्रत्येकी चार. चार भिडू, प्रत्येकाला पाच पाने, की कॅट संपला. बदलायला पान उरतच नसे. अशा कॅटमधून एकही जोडी नसलेला हात १०० पैकी जेमतेम सात वेळा येतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येकाच्या हाती काहीतरी असे आणि जवळजवळ प्रत्येकाला पैसे लावण्याचा मोह होई.

७/
या खेळाचे एक जुने वर्णन जोसेफ काउएल या इंग्रज नटाच्या आठवणींत सापडते. पुस्तक १८४४ चे. प्रसंग डिसेंबर १८२९ चा, न्यू ऑर्लिन्सकडे निघालेल्या आगबोटीवरचा. धुक्यात बोट गाळात रुतली आणि एकच गोंधळ उडाला. पत्ते लावून ठेवणाऱ्या हिरव्या चष्म्याच्या गृहस्थाचा त्या गडबडीत हिशेब चुकला आणि त्याने जमवलेली पाने भलत्याच भिडूच्या हाती गेली.

८/
जोनाथन ग्रीन हा स्वतः जुगारी. पुढे त्याने तो मार्ग सोडला आणि १८४३ साली जुगाऱ्यांच्या क्लृप्त्या उघड करणारे पुस्तक लिहिले. आगबोटींवरील २० पानांच्या या खेळाचे वर्णन त्यातही आहे. काउएल आणि ग्रीन यांच्या लेखनातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पाने जमवणारा लबाड असेल, तर समोरच्याचे सारे डावपेच व्यर्थ ठरतात. खेळ प्रामाणिक असावा, ही पुढच्या प्रत्येक धड्याची पूर्वअट आहे.

९/
१८३० आणि १८४० च्या दशकांत ५२ पानांचा पूर्ण कॅट रूढ होत गेला. चारांहून अधिक भिडू बसू लागले, फ्लशला स्थान मिळाले आणि वाटून झाल्यावर हाती पाने उरू लागली. मग ती उरलेली पाने वापरण्याची कल्पना पुढे आली. १८५० च्या सुमारास अमेरिकेत छापलेल्या खेळांच्या पुस्तकांत पाने बदलण्याच्या या प्रकाराची नोंद मिळते. ड्रॉ पोकर जन्माला आले होते.

१०/
या बदलाने दोन गोष्टी साधल्या. एक, बोलीची दुसरी फेरी मिळाली. पॉट वाढला आणि विचाराला अवसर मिळाला. दुसरी अधिक महत्त्वाची. कोणी किती पाने बदलली, हे सर्वांसमक्ष घडते. पाने झाकलेली राहतात, पण त्यांची संख्या बोलते. जुन्या २० पानी खेळात भिडूला समोरच्याचा चेहरा आणि त्याची बोली एवढेच दिसे. आता त्याला एक आकडाही दिसू लागला.

११/
१८६१ ते १८६५ या यादवी युद्धाने हा खेळ घरोघर नेला. छावण्यांत कंटाळलेले सैनिक दोन्ही बाजूंनी पोकर खेळत. युद्ध संपल्यावर ते आपापल्या गावी परतले आणि खेळही त्यांच्यासोबत गेला. सिक्वेन्सचा दर्जा काय, एक्का वरचा की खालचाही, असे स्थानिक वाद मग पुस्तकांतून आणि क्लबांच्या नियमांतून हळूहळू मिटत गेले.

१२/
धडा पहिला : बहुतेक डाव सोडायचे असतात.
१८७० च्या दशकात 'जॅकपॉट' हा प्रकार पसरला. त्यात किमान गुलामांची जोडी असल्याखेरीज बोली सुरू करता येत नाही. कोणीच सुरू करू शकले नाही, तर सर्वांनी पुन्हा रक्कम घालायची आणि पाने पुन्हा वाटायची. पॉट तसाच वाढत राहतो. अनपेक्षित मोठ्या बक्षिसाला आज 'जॅकपॉट' म्हणतात, तो शब्द या नियमातून आला.

१३/
या नियमाने नवशिक्याच्या हाती एक आयता मापदंड दिला. गुलामांची जोडी किंवा त्याहून चांगला हात सरासरी पाच डावांत एकदाच येतो (सुमारे २०.६ टक्के). उरलेल्या चार डावांत बोली सुरू करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नवख्याचे पैसे मोठ्या पराभवात कमी जातात. लहान जोड्या आणि सुटे एक्के घेऊन 'बघू तरी काय येते' म्हणत भरलेल्या रकमांत ते अधिक जातात.

१४/
नियमाने परवानगी दिली, म्हणजे बोली करावीच असेही नाही. सात जणांच्या फडात सर्वांआधी बोलणाऱ्याकडे गुलामांची जोडी असेल, तर उरलेल्या सहांपैकी किमान एकाकडे तिच्याहून सरस हात असण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात दोन आहे. राजांच्या जोडीला हा धोका निम्मा, एक्क्यांच्या जोडीला ४० टक्क्यांच्या आत. म्हणून आरंभी बोलायचे असेल, तर राजे किंवा एक्के हवेत. शेवटच्या जागी बसलेल्याने गुलामांवरही सुरुवात करावी. कारण बाकीच्यांनी आपले दौर्बल्य आधीच जाहीर केलेले असते.

१५/
धडा दुसरा : काय ठेवायचे, काय टाकायचे.
हाती जोडी असेल, तर उरलेली तिन्ही पाने टाकावीत. तीन नवी पाने घेतल्यावर हात सुधारण्याची शक्यता २८.७ टक्के. जोडीसोबत एक्का राखून दोनच पाने घेतली, तर ती २६ टक्क्यांवर येते. त्यातही तीन सारखी जमण्याची संधी ११.४ वरून ७.८ टक्क्यांवर घसरते. एक्का राखण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण रोजच्या खेळात तो महाग पडतो.

१६/
चार इस्पिक हाती आहेत, पाचवे हवे. न पाहिलेल्या ४७ पानांत इस्पिक उरलेली नऊ, म्हणजे १९.१ टक्के. पाच-सहा-सात-आठ हाती आहेत आणि दोन्ही टोके मोकळी आहेत, तर चार चौक्या आणि चार नव्व्या अशी आठ पाने चालतात; १७ टक्के. पण पाच-सहा-आठ-नऊ असतील, तर मधली सत्तीच हवी. अशी पाने चार, ८.५ टक्के. मधल्या पानाची वाट पाहणारा भिडू साधारण बारा वेळांत एकदा यशस्वी होतो.

१७/
दोन जोड्या हा हात दिसायला देखणा, पण तो फारसा वाढत नाही. एक पान बदलून फुल हाउस होण्याची शक्यता तीच, ८.५ टक्के. त्याची कदर पाने बदलण्यापूर्वी करावी : बोली चढवून इतरांना डाव सोडायला लावावा. चार-पाच जण तीन-तीन पाने घेण्यासाठी टिकून राहिले, तर त्यांतील एखाद्याला तीन सारखी लागणे मुळीच नवलाचे नाही.

१८/
दोन जोड्यांचा सर्वांत प्रसिद्ध हात एका हत्येशी जोडलेला आहे. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड येथे पोकर खेळत बसलेल्या 'वाइल्ड बिल' हिकॉकला जॅक मॅकॉलने पाठीमागून गोळी घातली. त्याच्या हाती एक्के आणि अठ्ठ्या होत्या, असे सांगतात. त्या हाताला 'मृताचा हात' असे नाव पडले.

१९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. हत्या घडली, तारीख पक्की, मारेकरीही ठाऊक. पण एक्के आणि अठ्ठ्यांचा तपशील रूढ झाला तो १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रँक विल्स्टॅकच्या हिकॉक-चरित्रामुळे, म्हणजे घटनेनंतर अर्ध्या शतकाने. समकालीन नोंदींत त्याला आधार मिळत नाही. पोकरच्या इतिहासात हूल केवळ भिडूच देतात असे नाही, कथाही देतात.

२०/
धडा तिसरा : पानाची किंमत पॉटला विचारावी.
संधी किती, हा अर्धा प्रश्न. त्या संधीसाठी मोजायचे किती आणि मिळणार किती, हा उरलेला अर्धा. चार इस्पिकांवर पाचवे न येण्याचे प्रमाण येण्याच्या ४.२ पट आहे. पॉटमध्ये ६० चकत्या असून १० भरायच्या असतील, तर सहापट परतावा मिळतो; भरावे. पॉटमध्ये ३० च असतील, तर तिप्पट; सोडावे. मधल्या सत्तीसाठी जवळजवळ अकरापट पॉट हवा, आणि तो क्वचितच असतो.

२१/
हा हिशेब दुसऱ्याच एका टेबलावर चुकलेला माणूस म्हणजे रॉबर्ट शेंक. ओहायोचा राजकारणी, यादवी युद्धातला सेनानी, बुल रनच्या दुसऱ्या लढाईत उजव्या हाताला कायमची इजा झालेला. १८७१ साली तो अमेरिकेचा राजदूत म्हणून लंडनला गेला. सॉमरसेटमधील एका सरदार घराण्याच्या पाहुणचारात त्याने ड्रॉ पोकर शिकवले आणि यजमानांच्या आग्रहावरून नियम लिहून दिले. ते खाजगीरीत्या छापले गेले. इंग्लंडच्या उच्चभ्रू दिवाणखान्यांत हा खेळ रुजण्यास त्याचा मोठा हातभार लागला.

२२/
त्याच काळात शेंकने युटातील 'एम्मा' चांदीखाणीच्या लंडनमधील कंपनीचे संचालकपद स्वीकारले. राजदूताचे नाव पाहून ब्रिटिश गुंतवणूकदारांनी समभाग घेतले. खाणीतला साठा अपेक्षेहून फार लवकर आटला आणि समभाग कोसळले. अमेरिकन काँग्रेसमध्ये चौकशी झाली आणि १८७६ साली शेंकने राजीनामा दिला. जोड्यांची आणि फ्लशची शक्यता जाणणाऱ्या माणसाला आपल्या नावावर लोक किती रक्कम लावत आहेत, याचे भान राहिले नाही.

२३/
धडा चौथा : समोरच्याने किती पाने घेतली, ते मोजावे.
तीन घेणाऱ्याकडे बहुधा जोडी. दोन घेणाऱ्याकडे तीन सारखी, किंवा जोडी आणि राखलेला एक्का. एक घेणाऱ्याकडे दोन जोड्या, नाहीतर अपुरा फ्लश वा सिक्वेन्स. एकही न घेणाऱ्याकडे तयार हात, अथवा नुसतीच हूल. शेवटी बसलेल्याला हे सारे आकडे आपला निर्णय घेण्यापूर्वी मिळतात. म्हणूनच तीच पाने पहिल्या जागी टाकाऊ आणि शेवटच्या जागी मोलाची ठरतात.

२४/
हा धडा एका संकेतलिपीतज्ज्ञाने लोकप्रिय केला, हा योगायोग मार्मिक आहे. हर्बर्ट यार्डली याच्या हाताखालील अमेरिकन विभागाने १९२१-२२ च्या वॉशिंग्टन नाविक परिषदेच्या वेळी जपानचे गुप्त संदेश उलगडले होते. पुढे तो चीनमध्ये चांग काय-शेकच्या सरकारसाठी काम करत होता. १९५७ साली पोकर-शिक्षणावरील त्याचे पुस्तक आले आणि गाजले. इंडियानातील सलूनच्या आठवणी, चीनमधले किस्से आणि कडक शिस्त, असे त्याचे स्वरूप. त्याच्या शिकवणीचे सार एवढेच, की हात पुरेसा चांगला नसेल, तर बाहेर पडावे आणि इतरांना पाहत राहावे.

२५/
धडा पाचवा : हूल क्वचित, पण विचारपूर्वक.
पाने न बदलता बसण्याइतका तयार हात, म्हणजे सिक्वेन्स किंवा त्याहून वरचा, सरासरी १३२ डावांत एकदा वाटून येतो. जो भिडू तासाभरात तीनदा 'मला पाने नकोत' म्हणतो, त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? हूल चालते ती दिवसभर शिस्तीने खेळलेल्याची, आणि तीही एक-दोन प्रतिस्पर्धी उरले असताना. पाच जणांना एकाच वेळी घाबरवता येत नाही.

२६/
हूल म्हणजे निव्वळ धाडस, ही समजूत जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने मोडली. १९२८ साली त्याने द्यूतसिद्धान्ताचा पायाभूत निबंध प्रसिद्ध केला. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्नसह लिहिलेल्या ग्रंथात पोकरच्या सोप्या प्रारूपाचे सविस्तर विश्लेषण केले. निष्कर्ष अनपेक्षित होता. मोठी बोली उत्तम हातांवर करावी, तसेच काही वेळा अगदी वाईट हातांवरही. मधल्या हातांवर मात्र शांत राहावे. मधल्या हातांना पाने उघडली असता जिंकण्याची थोडी आशा असते. वाईट हाताला गमावण्यासारखे फारसे काहीच नसते.

२७/
आता पुन्हा कॅलिफोर्नियाकडे. १९११ च्या मताच्या आधारावर लॉस एंजेलिसजवळील गार्डिना या गावात १९३६ पासून परवानाधारक पोकर क्लब उभे राहिले. भरभराटीच्या काळात ते सहा होते. खेळ मुख्यतः ड्रॉचे. क्लब पॉटमधून वाटा घेत नसत. बसण्याच्या वेळेनुसार ठरावीक भाडे आकारत. १९७० च्या दशकाअखेर डॉयल ब्रन्सनने पोकरचा प्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा ड्रॉचे प्रकरण त्याने माइक कॅरोकडून लिहवून घेतले. कॅरो गार्डिनाच्याच फडांत तयार झालेला होता.

२८/
वेळेच्या भाड्यातच कौशल्याच्या युक्तिवादाची मर्यादा दडलेली होती. एका टेबलावर एकाने जिंकलेली रक्कम ही इतरांनी हरलेली असते. त्यातून भाडे वजा जाते. सातही भिडूंनी हे पाचही धडे पाठ केले, तरी दिवसाअखेर सातांची मिळून बेरीज उणेच येते. कौशल्य कोण हरणार ते ठरवते. हरणे थांबवत नाही.

२९/
कायद्याचा भेदही गणिताच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. स्टडमध्ये काही पाने उघडी वाटली जातात. म्हणजे विचार करणाऱ्याला माहिती अधिकच मिळते. तरी स्टड यादीत होता आणि ड्रॉ नव्हता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'होल्डेम'ला कॅलिफोर्नियाच्या क्लबांत वाट मिळाली आणि ड्रॉचे दिवस सरले. आज हा खेळ टिकून आहे तो घरगुती फडांत आणि कसिनोंतील 'व्हिडिओ पोकर' यंत्रांत. पाने बदलण्याचा अधिकार यंत्रातही आहे. पण यंत्राला हूल देता येत नाही, आणि परताव्याचे प्रमाण मालकाने आधीच ठरवलेले असते.

३०/
हाच वाद भारतातही झाला आहे. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. १९५७ साली मुंबईतील बक्षीस-स्पर्धांच्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य आणि जुगार यांतील सीमारेषा आखली. १९६७ साली सत्यनारायण खटल्यात त्याने रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ मानले. पडलेली पाने लक्षात ठेवणे, कोणते पान राखायचे आणि कोणते टाकायचे हे ठरवणे, यास कौशल्य लागते, हे त्याचे कारण. फ्लश, ब्रॅग या तीन पानी खेळांना मात्र न्यायालयाने निव्वळ दैवाचे म्हटले.

३१/
साम्य लक्षणीय आहे. कॅलिफोर्नियाने ड्रॉला सोडले, भारताने रमीला. दोन्ही खेळांत भिडूला पान टाकून पान घेता येते. तीन पत्तीत हा अधिकार नाही. पोकरबाबत आपल्याकडे एकवाक्यता झाली नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली तो जुगार ठरवला, अन्य काही उच्च न्यायालयांची भूमिका निराळी राहिली. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळण्यास बंदी घालताना कौशल्य की दैव हा प्रश्नच बाजूला ठेवला.

३२/
दीडशे वर्षे न्यायालये 'खेळ कौशल्याचा आहे का' असे विचारत आली. घरातला पैसा जातो की राहतो, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि त्याचे उत्तर कौशल्यात नाही. ड्रॉ पोकर समजून घ्यायचा असेल, तर चिंचोके किंवा काड्यापेटीतील काड्या पुरेशा आहेत. शक्यतांचे गणित, समोरच्याचे निरीक्षण आणि वेळीच डाव सोडण्याची सवय हे तिन्ही चिंचोक्यांवरही तितकेच पक्के शिकता येते.

#इतिहास #पत्ते #मराठी